जुनं इम्पोर्टेड रिव्हॉल्व्हर, त्यावर केलेली कारागिरी आणि साडेचार लाख : घ्यावं की सोडावं?

लष्करचा पंत
नमस्कार मंडळी. राहणार ग्वाल्हेर, लष्कर. धंदा धान्याचा, डबऱ्याच्या मंडीत आडत आणि जवळच थोडी शेती. बंदुकीचं लायसन्स हातात येऊन काही महिने झाले, साधा बोअर, म्हणजे प्रतिबंधित नसलेला. खरेदीची मुदत अजून आहे, पण घ्यायचं काय हे ठरत नव्हतं. आता एक वस्तू समोर आली आहे आणि डोक्यातून जात नाही.

दौलतगंजात आमच्या ओळखीचे एक काका आहेत, सत्तरीपुढचे. जुनं घराणं, शिंदे सरकारच्या चाकरीतलं. त्यांच्याकडे वडिलांपासूनचं अमेरिकन स्मिथ अँड वेसन कंपनीचं रिव्हॉल्व्हर आहे, .३२ लाँग कारतुसाचं, सहा गोळ्यांचं. काका त्याला ‘रेग्युलेशन पोलीस’ म्हणतात. मुलगे पुण्यात, त्यांना नको आहे. काकांच्या वडिलांनी हौसेनं बरंच काम करून घेतलेलं आहे : सगळीकडे निकेलचा मुलामा, मूळ लाकडी मूठ काढून सांबरशिंगाची मूठ, खिशातून काढताना अडकू नये म्हणून घोड्याचं (कारतुसावर आपटणाऱ्या भागाचं) शेपूट घासून गुळगुळीत केलेलं, आणि चाप इतका हलका की बोट लावताच सरकतो. बाजूच्या पत्र्यावर मोडीत ‘श्री’ कोरलेला. हातात घेतलं की खाली ठेवावंसं वाटत नाही, खोटं का बोला.

मागताहेत साडेचार लाख. एवढ्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याची नवी दोन येतील. डीलर म्हणतो, “ऐसा पीस दोबारा नहीं मिलेगा.” आई म्हणते, घरात आणायचंच नाही. जाणकारांनी सांगावं.

जिरावण
आधी झाडं लावलीत का? :)

सयाजीगंज
जिरावण, झाडांचं काय ते कळलं नाही.

जिरावण
बडोदेकरांना कसं कळणार! ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी २०१९ मध्ये सांगितलं होतं, लायसन्स पाहिजे तर दहा झाडं लावा आणि त्यांच्यासोबत फोटो काढून आणा. त्याआधी २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन्समध्ये प्राधान्य होतं. त्या मुलखात माणूस बंदुकीसाठी काय काय करील हे सरकारला नीट ठाऊक आहे.

लष्करचा पंत
झाडं लावली, जगलीसुद्धा. विषयावर या.

टेकनपूर रिटायर्ड
पंत, मी सीमा सुरक्षा दलात आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारा होतो, आता ग्वाल्हेरातच असतो. फोटो न बघता काही गोष्टी सांगतो.

तुम्ही ज्याला कारागिरी म्हणता ती चार कामं आहेत. त्यातलं मुलाम्याचं काम दिसण्याचं, मुठीचं काम हाताला बरं वाटण्याचं, पण घोडा आणि चाप ही दोन कामं यंत्राच्या पोटातली आहेत. आमच्या वर्कशॉपमध्ये बाहेरून हलका करून आणलेला चाप आला की पहिली शंका एकच : मेन स्प्रिंग कमजोर केली असणार. या बनावटीत मुठीच्या पुढच्या पट्टीत खाली एक छोटा स्क्रू असतो, तो स्प्रिंगला ताण देतो. कारागीर तो सैल करतो किंवा टोकाला घासून आखूड करतो. चाप लोण्यासारखा होतो आणि गिऱ्हाईक खूश. पण घोडा मग कारतुसाच्या बुडावर पुरत्या जोरानं पडत नाही. टिक आवाज येतो, गोळी सुटत नाही. जिवावर बेतलेल्या वेळेसाठी घेतलेलं हत्यार, आणि नेमकं तेव्हा टिक.

दुसरं, घोड्याचं शेपूट नाही म्हणजे तो अंगठ्यानं चढवता येत नाही. मग जुनं रिव्हॉल्व्हर घेताना करायच्या निम्म्या तपासण्या हाताबाहेर जातात. एरवी आपण रिकामं हत्यार घेतो, दोनदा बघून खात्री करतो, घोडा सावकाश चढवतो आणि चकरी, म्हणजे गोळ्यांची सहा घरं असलेला फिरता भाग, घोडा पुरता चढायच्या आधी घट्ट बसते का ते बघतो. सहाही घरांसाठी. मग चढलेल्या घोड्याला मागून अंगठ्यानं जोर देतो. तो खाली पडला तर आतले दात झिजले. तुमच्या वस्तूत हे सगळं चापावरूनच अंदाजानं करावं लागेल, खूप हळू ओढत. चाप दाबून धरायचा आणि चकरी दोन बोटांनी डावी-उजवीकडे हलवायची. किंचित हालणं चालतं, खुळखुळणं नाही. मग पुढे-मागे ढकलून बघायची. शेवटी चकरी आणि नळी यांच्यामधून उजेड बघा. फट बारीक आणि सगळ्या घरांना सारखी हवी.

एवढं होईपर्यंत पैशाचं बोलू नका.

जुनं ते सोनं
पुण्याहून लिहितोय. हत्यारं जमवत नाही, त्यांच्याविषयी वाचतो आणि जिथे मिळेल तिथे बघतो. काकांचं म्हणणं बरोबर असू शकतं. .३२ लाँगचं कारतूस १८९६ चं, आणि ‘रेग्युलेशन पोलीस’ हे मॉडेल १९१७ मध्ये आलं. नंतर १९५७ मध्ये कंपनीनं सगळ्या मॉडेलना आकडे दिले तेव्हा ते मॉडेल ३१ झालं.

एक गोष्ट ताबडतोब बघा, घरबसल्या कळेल. घोडा आणि चाप कोणत्या रंगाचे आहेत? या कंपनीनं त्या काळात निकेलची रिव्हॉल्व्हरं विकली तरी घोडा आणि चाप निकेल केले नाहीत. ते उष्णतेनं पोलादावर येणाऱ्या निळ्या-तपकिरी छटांचे असत. तेही चांदीसारखे चकाकत असतील तर मुलामा कारखान्याबाहेरचा.

आणि कारखान्यात परत जाऊन काम झालेलं असेल तर मुठीखाली नंबराशेजारी बहुधा एक छोटा तारा ठोकलेला असतो. मूठ काढून बघा.

लष्करचा पंत
घोडा आणि चाप दोन्ही चकाचक.

मुठीखालचा नंबर दिसत नाही कारण शिंगाची मूठ खालपर्यंत उतरलेली आहे. लायसन्सवर नंबर आहे, चकरीच्या मागच्या बाजूला बारीक आकडे दिसले, ते जुळतात.

जुनं ते सोनं
म्हणजे मुलामा बाहेरचाच. मुलाम्याआधी चाकावर धरून पॉलिश करतात. त्यात कडा गोल होतात, स्क्रूंच्या खाचा पसरट होतात आणि ठोकलेली अक्षरं उथळ होतात. मूठ उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. या हत्याराचा नंबर मुठीच्या चौकटीवर, चकरीच्या मागे आणि नळीच्या खालच्या अंगाला, असा तीन ठिकाणी असतो. तिन्ही वाचा.

इंदूरी वकील
नंबराचा मुद्दा वर आला म्हणून लिहितो, नाहीतर गप्पच बसणार होतो. शस्त्र कायद्याचं कलम ८. ओळखीचा नंबर नसलेलं किंवा पुसट केलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल, त्यानंच तो पुसला असं कायदा गृहीत धरतो. उलट सिद्ध करायचं काम तुमचं. कुठल्यातरी कारागिरानं साठ वर्षांपूर्वी जास्त पॉलिश मारलं, हे तुम्ही कोर्टात कसं दाखवणार?

व्यवहाराची पद्धतही ऐकून ठेवा. लायसन्सधारकानं दुसऱ्या लायसन्सधारकाला विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि कळवल्यापासून ४५ दिवस गेल्याशिवाय वस्तू हातात द्यायची नाही. “आज घेऊन जा, कागद नंतर करू” म्हणणारा माणूस कितीही सज्जन असो, त्याच्या घरून चहा पिऊन परत यायचं. काकांच्या लायसन्सवर यूआयएन, म्हणजे प्रत्येक लायसन्सधारकाचा वेगळा ओळख क्रमांक, आहे का तेही बघा. नसेल तर लायसन्सच बाद आहे आणि विकायचा प्रश्नच येत नाही.

आणि पंत, त्या मुठीचं काय करणार आहात?

लष्करचा पंत
मुठीचं काय करायचं? तीच तर सुंदर आहे.

इंदूरी वकील
सांबर वन्यजीव कायद्याखाली येतो, १९७२ चा. त्याच्या शिंगाची वस्तू विकता-विकत घेता येत नाही.  काकांकडे मालकीचा दाखला असेल तर ताब्यात ठेवायला तो कागद चालेल, वारसानं मुलाकडेही जाईल. विक्रीला तोही चालत नाही. तुमचं लायसन्स पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचं आहे, शिंगाचं नाही. शस्त्र शाखेचा बाबू मुठीकडे बघणारही नाही कदाचित, पण वनखात्याचा माणूस बघेल.

हस्तिदंताची मूठ असती तर मी हा प्रतिसाद मोठ्या अक्षरांत लिहिला असता.

जिरावण
म्हणजे साडेचार लाखात बंदूक आणि दोन खटले. ऑफर चांगली आहे.

मुरारची मावशी
सगळे नट-बोल्ट बघताहेत, म्हणून मी जरा वेगळं लिहिते. रागावू नका पंत, तुम्ही माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे असाल.

आमच्या गल्लीत निम्म्या घरांत बंदूक आहे. वापर कधी होतो सांगू? लग्नात. वरातीत नवरदेवाचा मामा हात वर करतो आणि ठो. २०१९ पासून हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, तरी थांबलंय का? वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. आमच्याकडे लग्नाच्या दिवसांत गच्चीवर झोपत नाहीत.

दुसरा वापर म्हणजे निवडणूक. आचारसंहिता लागली की बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघतो. २०२३ च्या नोव्हेंबरात विधानसभा, सहा महिन्यांत लोकसभा. आमच्या शेजाऱ्यांचं हत्यार त्या काळात त्यांच्याकडे कमी आणि ठाण्यात जास्त होतं. रांगेत उभं राहायचं, पावती सांभाळायची, परत आणायला पुन्हा रांग. ज्या मोसमात भीती वाटते म्हणतात त्याच मोसमात वस्तू कपाटात नाही.

तुम्हाला ती कशासाठी हवी आहे, हे वरच्या लांबलचक पोस्टमध्ये कुठेच आलेलं नाही.

सयाजीगंज
मावशींना +१. बडोद्यात आमच्या सगळ्या ओळखीत एकाकडे बंदूक आहे, तीही पीक राखायला आजोबांनी घेतलेली. मला प्रामाणिकपणे कळत नाही की धान्याच्या व्यापाऱ्याला रिव्हॉल्व्हर का लागतं. रोकड असते म्हणून?

लष्करचा पंत
मावशी, रागवायचं काय त्यात. प्रश्न बरोबर आहे.

भाताच्या मोसमात डबऱ्याहून रात्री उशिरा यावं लागतं. पूर्वी रोकड असायची, आता बरंच बँकेतून होतं, पण गावाकडचा शेतकरी अजून हातात नोटा मागतो. रस्त्यात एकदा गाडीला दुचाकी आडवी लावली गेली होती. काही झालं नाही, पण त्यानंतर अर्ज टाकला. हे एक.

दुसरं कारण तुम्हाला ठाऊकच आहे. इथे मंडीत ज्याच्या कमरेला काही आहे त्याच्याशी लोक वेगळ्या सुरात बोलतात. ते मला आवडत नाही, पण दिसतं. आणि ती वस्तू देखणी आहे. किती टक्के गरज आणि किती टक्के शौक हे मला नाही सांगता येणार.

मुरारची मावशी
खरं बोललात, बरं वाटलं. पण गरजेची वस्तू आणि शौकाची वस्तू एकच असावी हा हट्ट का? शौक असेल तर ती कधीच भरून ठेवू नका. गरज असेल तर दिसण्यावर जाऊ नका. आणि घरात मुलं असतील तर तिजोरीची किंमत आत्ताच धरा, ‘कपाटाला कुलूप आहे’ हे उत्तर नाही.

टेकनपूर रिटायर्ड
मावशींचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगतो. दुसऱ्या महायुद्धाआधीचं असेल तर हे रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं नाही, पाच गोळ्यांचं समजा. घोड्याखालचं घर रिकामं ठेवा.

कारण असं. १९४४ मध्ये अमेरिकन नौदलात याच कंपनीचं एक व्हिक्टरी मॉडेल जहाजाच्या लोखंडी डेकवर पडलं, गोळी सुटली आणि एक खलाशी गेला. त्यानंतर कंपनीनं घोडा आणि चौकटीच्या मध्ये सरकती पट्टी बसवली. चाप पूर्ण ओढल्याशिवाय ती बाजूला होत नाही. त्याआधीच्या हत्यारांवर मी एवढा भरवसा टाकणार नाही. तुमच्या वस्तूत तर कुणीतरी आत हात घालून गेलेलं आहे. आत असलेली पट्टी चाप हलका करायच्या नादात काढून टाकलेलीही मी बघितली आहे.

साधारण कोणत्या सालातलं आहे?

लष्करचा पंत
काका म्हणतात, वडिलांनी स्वातंत्र्याच्या आधी मुंबईहून आणलं.

टेकनपूर रिटायर्ड
मग पाचच.

नवखा नेमबाज
मध्येच विचारतो, माफ करा. .३२ च्या पिस्तुलाची गोळी यात चालते का? आमच्याकडे मित्राच्या घरी ती पडून आहे.

टेकनपूर रिटायर्ड
नाही. पिस्तुलाचं .३२, म्हणजे ७.६५ मिमी, वेगळं, रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं. चकरीच्या घरात शिरतं म्हणून चालतं असं नाही, त्याचा दाब जास्त असतो. जुन्या चकरीत असला प्रयोग करू नका. आणि मित्राच्या घरी पडून असलेली गोळी मित्राच्या लायसन्सवरची आहे, ती तुमच्या हातात दिसली तरी लफडं.

रिव्हॉल्व्हरसाठी आपल्या खडकीच्या कारखान्याची घ्या. बुडावर केएफ असतं.

जुनं ते सोनं
पंत, मूठ काढलीत का? नळीची लांबीही मोजा. चकरीच्या पुढच्या तोंडापासून नळीच्या टोकापर्यंत. या मॉडेलच्या जुन्या नळ्या सव्वातीन, सव्वाचार आणि सहा इंच अशा ठरलेल्या असत.

लष्करचा पंत
काल काकांना घेऊन डीलरकडे गेलो होतो. टेकनपूरवाले काकाही आले, त्यांचे आभार कसे मानू. दुकानात नवीन ट्यूबलाइट होती, तिच्याखाली काच लावून सगळं बघितलं. जसं झालं तसं लिहितो.

मूठ काढली. खाली नंबर आहे. शेवटचे दोन आकडे तिरप्या उजेडातच दिसतात, पण आहेत आणि लायसन्सशी जुळतात. तारा नाही. शिंगाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं हिंदीत काहीतरी लिहिलेलं होतं, बहुधा कारागिराचं नाव, वाचता आलं नाही.

मग पट्टी लावली. अडीच इंच.

आधी आम्हाला वाटलं मोजताना चुकलं. पुन्हा मोजलं, अडीचच. मग टेकनपूरवाल्यांनी नळी उजव्या बाजूनं माझ्यासमोर धरली आणि म्हणाले वाच. तिथे इंग्रजीत ‘३२ लाँग’ आहे आणि त्यापुढे नळीच संपते. कारतुसासाठी जी तीन अक्षरं पुढे असायला हवीत ती नाहीत. दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव आहे, त्यातला पहिला एस नळीच्या तोंडाला अर्धा कापलेला. इतके दिवस मी त्या नावाकडे बघत होतो आणि ‘मिथ अँड वेसन’ असं वाचूनही मेंदू एस आपोआप लावत होता. नेम धरायची माशी वेगळी करून पुन्हा डाखलेली आहे, मुलाम्याखाली डाखाची कड बोटाला लागते. रिकामी कारतुसं बाहेर ढकलणाऱ्या दांड्याचं पुढचं टोक ज्यात अडकायला हवं तो नळीखालचा उंचवटा गेलेला. नळीच्या खालचा नंबरही नाही.

काकांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “हो, वडिलांनी कापून घेतली. लांब होती, अचकनीत मावत नव्हती.” त्यांना त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

डीलर म्हणतो, “भाईसाहब, नंबर तो मिल रहा है ना, फिर क्या दिक्कत.” काका तीन लाखांवर आले आहेत.

जुनं ते सोनं
तीन काय, तुमच्या जागी मी नजराणा म्हणूनही घेतलं नसतं. इम्पोर्टेडला इथे भाव आहे कारण गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसासाठी आयात बंद आहे, बाहेरून नवीन येतच नाही. अमेरिकेत अशाच वस्तूला हौशी माणूस विचारतो की मूळ किती उरलं आहे. इथे मूळ मुलामा नाही, मूठ नाही, घोडा पुरता नाही, नळी पुरती नाही. उरली चौकट आणि चकरी. भाव मात्र पूर्ण नावाचा, आणि नावातला एससुद्धा अर्धाच.

टेकनपूर रिटायर्ड
मी तिथे होतोच, म्हणून यंत्राचं सांगून टाकतो. चकरी पाच घरांत बरी बसते, एका घरात चाप अगदी शेवटपर्यंत ओढल्यावर कुठे बसते. तो ताणाचा स्क्रू अपेक्षेप्रमाणे घासलेला. दांड्याचं पुढचं टोक मोकळं असल्यानं चकरी फक्त मागच्या बाजूनं धरलेली आहे. दोन-चार गोळ्यांना काही होणार नाही. पण हे दुरुस्त करायचं म्हणजे मूळ नळी हवी, ती मिळत नाही. खाजगीत कुणी बनवून देतो म्हणाला तर त्याच्या सावलीला उभे राहू नका.

नळीच्या आत आटे ठीक आहेत. कापल्यावर तोंड मात्र हातानं घासलेलं आहे, कड सरळ नाही. म्हणजे गोळी कुठे जाईल ते गोळीच ठरवणार.

इंदूरी वकील
नळी आखूड करणं : कलम ६. त्यासाठी वेगळं लायसन्स लागतं. काकांच्या वडिलांनी कधी कापली?

लष्करचा पंत
काका म्हणतात १९५८ मध्ये, कानपूरला. पावती वगैरे काही नाही.

इंदूरी वकील
सध्याचा कायदा १९५९ चा, अमलात आला १ ऑक्टोबर १९६२ ला. १९५८ हे साल खरं असेल तर काकांचे वडील या कलमातून सुटतात असा युक्तिवाद मी उभा करीन, बरा करीन. पण तो युक्तिवाद करायची वेळ का आणायची? कलम कापणाऱ्याला लागतं हे खरं, पण कधी आणि कुणी कापली याला पुरावा काय, तर काकांची आठवण. उद्या पोलिसांनी हत्यार तपासणीला पाठवलं तर अहवालात येईल ‘नळी आखूड केलेली, नळीवर नंबर नाही’, आणि तेव्हा मालक तुम्ही असाल. काका तोपर्यंत पुण्यात.

लायसन्सच्या रकान्यात बनावट, बोअर आणि नंबर असतात, नळीची लांबी नसते. म्हणून आजवर निभावलं. नूतनीकरणाला बाबू नंबर बघतो आणि सही करतो. डीलरचंही तसंच आहे, त्याला व्यवहार एका दिवसाचा, तुम्हाला वस्तू सांभाळायची आहे.

सयाजीगंज
पण मग काकांनी काय करायचं? त्यांच्याकडे तर ती आहेच.

इंदूरी वकील
काका आज लायसन्सधारक आहेत, नंबर जुळतो, त्यांची अडचण तातडीची नाही. नको असेल तर ठाण्यात किंवा लायसन्स असलेल्या डीलरकडे रीतसर जमा करता येते, पावती घेऊन. मुलाच्या नावावर करायची तर नियमांत वाट आहे : मालक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं की वारसाला लायसन्स मागता येतं. पण मुलांना नको आहे म्हणता. नळीचं मात्र त्यांनी स्वतःहून एखाद्या वकिलाला कागद दाखवून विचारावं. मी इथे धाग्यावर एवढंच बोलीन.

मुरारची मावशी
काकांना वाईट वाटलं असेल ना.

लष्करचा पंत
वाटलं. आज सकाळी जाऊन सांगितलं की घेत नाही. आधी म्हणाले, “तुला पैशाचा प्रश्न असेल तर हप्त्यानं दे.” मग मी नळीचं, शिंगाचं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या वडिलांनी कलेक्टरसमोर कमरेला लावून दरबार केलेत, कुणी काही विचारलं नाही.” पुढे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंनी आतून पोहे आणले आणि विषय मुलाच्या प्रमोशनवर गेला. निघताना काकांनी वकिलांचा नंबर मागितला, म्हणजे ऐकलं असावं. इंदूरी वकील, व्यक्तिगत निरोप बघा.

आई खूश आहे. तिला वाटतंय विषय संपला.

जिरावण
आणि संपला नाही?

लष्करचा पंत
लायसन्स आहे, मुदत आहे, डबऱ्याचा रस्ताही आहे. कानपूरचं बघतोय. निर्भीक की ते नवं प्रबळ?

टेकनपूर रिटायर्ड
निर्भीक २०१४ ला आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन पाचशे ग्रॅम, तेव्हा किंमत १,२२,३६० होती. आजचा भाव डीलरला विचारा. ते ब्रिटिश वेबली कंपनीच्या जुन्या बनावटीवर बेतलेलं आहे, मधून मोडतं, म्हणजे भरायला बिजागरीवर वाकून उघडतं. घेताना बिजागरी आणि वरची कडी घट्ट आहे ना बघा, नळी धरून हलवा, चौकटीपाशी हालता कामा नये. प्रबळ ऑगस्ट २०२३ चं. त्याची चकरी बाजूला उघडते, तुमच्या त्या स्मिथसारखी, आणि कारखाना पन्नास मीटरचा पल्ला सांगतो. रात्री गाडीत बसलेल्या माणसाला पन्नास मीटर काय करायचेत ते वेगळं. उत्तर प्रदेशातल्या संडीलाचं वेबलीसुद्धा आहे, २०२० पासून इथेच बनतं, पण किंमत चढी.

नवीन घ्या, कारखान्याच्या डब्यातलं, कुणी हात न लावलेलं. चाप जड लागेल. जडच बरा. तो हलका करून देतो म्हणणारा तुम्हाला आठ दिवसांत भेटेल, डीलरच्या दुकानाबाहेरच.

जुनं ते सोनं
आणि मूठ बदलावीशी वाटली तर शिसवीची करा. देखणी होते, आणि वनखातं दारात येत नाही.

लष्करचा पंत
शिसवीचं लक्षात ठेवतो. टेकनपूरवाले काका, दोन्ही हातात घेऊन बघायची आहेत, डीलरकडे येणाऱ्या शनिवारी जमेल?

टेकनपूर रिटायर्ड
शनिवारी नातीचा वाढदिवस आहे. रविवारी दुकान बंद. सोमवारी अकराला या, आणि डीलरला आधी फोन करून विचारा की प्रबळ खरंच दुकानात आहे की नुसतं कॅटलॉगमध्ये.

मुरारची मावशी
तिजोरीचंही त्याच फोनमध्ये विचारा.